तीव्र मनाचे मूल



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, किमान वेतन, कंत्राटी मजुरी असा माझ्या नेहमीच्या वहिवाटीतला एखादा विषय मी घ्यावा. मी आजचा विषय सुचवला तेव्हा चिटणीस थोडे चपापले. युनियनच्या माणसाने मुलांच्या संगोपनावर काय बोलावे, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसला, आणि तो रास्तच होता. माझे शाळेतले शिक्षण नववीवर थांबले. पुढे जे काही शिकलो ते यंत्रमागाच्या खात्यात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. मानसशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु तीस वर्षे माझा धंदा संतापलेल्या माणसांशी बोलण्याचा आहे, आणि त्याच काळात माझ्या स्वतःच्या घरात एक संतापी मूल वाढले. खात्यातला धंदा मला बऱ्यापैकी जमला. घरातला जमला नाही. तो का जमला नाही याचा शोध घेताना जे वाचले, जे विचारले आणि जे भोगले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रश्न असा आहे. काही मुले अशी असतात की, त्यांना जे वाटते ते पराकोटीचे वाटते. आनंद झाला तर घर डोक्यावर घेतील, रुसली तर ताट ढकलून देतील, आणि एकदा रडू लागली की शेजारची माणसे दारात येऊन उभी राहतील. अशा मुलांविषयी आईबापांची खरी तक्रार रडण्याची नसते. "हिला स्वतःपलीकडे काही दिसतच नाही," ही त्यांची तक्रार असते. आई तापाने फणफणली आहे, धाकट्याला लागले आहे, घरात पैसा नाही. तिला त्याचे काही नाही. तिची पेन्सिल हरवली हेच जगातले एकमेव दुःख! अशा मुलाला आपण स्वार्थी म्हणतो, आपमतलबी म्हणतो. हे शब्द बरोबर आहेत काय, आणि अशा मुलाच्या आईबापांनी काय करावे, एवढाच आजचा विषय.

घरची एक गोष्ट

ही गोष्ट २००४ सालची. मजुरीवाढीसाठी आमचा संप चालू होता आणि पाचवा आठवडा लागला होता. माझी थोरली मुलगी तेव्हा सात वर्षांची, धाकटा मुलगा चार वर्षांचा. माझे वडील, स्वतः जुने मागवाले, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात थोरलीचा नाच होता आणि त्यासाठी हिरवा परकर लागणार होता. विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून तिच्या आईने जुन्या लुगड्यातून तो शिवून दिला. नेमक्या संमेलनाच्या दिवशी दुपारी वडिलांना दुसरा झटका आला. रिक्षा आली, शेजारी जमले, आणि त्या गर्दीत थोरली परकर नेसून उंबऱ्यात उभी राहिली व ओरडू लागली, "माझा नाच आहे! आजोबांना आजच का न्यायचं? मला शाळेत कोण नेणार?" तिने रिक्षाचा दांडा धरला तो सोडीना. सारी गल्ली पाहत होती. मी तिच्या थोबाडीत मारली आणि म्हणालो, "आजोबा मरायला टेकलेत आणि तुला नाचाचं पडलंय? कसली स्वार्थी पोरगी आहेस तू!"

ती गप्प झाली. मला वाटले, समजले तिला. वडील तिसऱ्या दिवशी गेले. त्या तीन दिवसांत मी तिला दवाखान्यात नेले नाही. मुद्दाम नेले नाही असे नव्हे. नेण्याचे मला सुचलेच नाही. बैठका, दवाखाना आणि उसनवारी यांत मी बुडून गेलो होतो. रोज संध्याकाळी आजोबांच्या खाटेवर बसून शाळेतली इत्थंभूत हकिकत त्यांना सांगणारी ती मुलगी. तिची आणि आजोबांची शेवटची भेट झालीच नाही. तिला स्वतःपलीकडे दिसत नाही म्हणून जो बाप तिला मारीत होता, त्या बापाला तरी त्या आठवड्यात स्वतःपलीकडे कितीसे दिसत होते?

आता ती मोठी झाली आहे, मिळवती आहे. दोन वर्षांपूर्वी एका रात्री जेवणानंतर हा विषय निघाला. तिच्या परवानगीने तिचे बोलणे सांगतो. ती म्हणाली, "मला आजोबांचं काही वाटत नव्हतं असं नाही, बाबा. पण पोटातून असं काही उसळून यायचं की त्या वेळी दुसरं काही दिसायचंच नाही. आणि तुम्ही मारल्यावर मला आजोबा आठवलेच नाहीत. नुसता गाल आठवला."

या चार वाक्यांत आजच्या व्याख्यानाचा सारा आशय आला. पुढे मी जे सांगणार आहे ते त्यावरचे भाष्य समजावे.

स्वभाव म्हणजे गुन्हा नव्हे

अशा मुलाच्या वागण्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. भावनेचा जोर ही एक, आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची शक्ती ही दुसरी. आपण दोहोंची गल्लत करतो आणि तिला ‘स्वार्थ’ हे एकच नाव देतो. म्हणून प्रथम त्या वेगळ्या करू.

भावनेचा जोर हा बहुतांशी जन्मजात असतो. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर पतिपत्नींनी १९५६ साली एक दीर्घ अभ्यास सुरू केला. १३३ मुले त्यांनी अगदी तान्हेपणापासून ती मोठी होईपर्यंत पाहिली. स्वभावाच्या नऊ बाजू त्यांनी ठरवल्या, आणि प्रतिक्रियेची तीव्रता ही त्यांतील एक होती. सुमारे ४० टक्के मुले सोप्या स्वभावाची, १५ टक्के नव्या गोष्टीला हळूहळू सरावणारी आणि सुमारे १० टक्के ‘अवघड’ निघाली. उरलेली कोणत्याच एका वर्गात बसेनात. ही अवघड मुले तान्ही असल्यापासूनच जोराने रडणारी, झोपेच्या व भुकेच्या वेळा न पाळणारी, बदलाला विरोध करणारी होती. ही मुले मुख्यतः सुखवस्तू घरांतली होती, हे लक्षात घेऊन त्यांनी पुढे न्यूयॉर्कमधल्या प्वेर्तो रिकोच्या कामकरी कुटुंबांतील मुलांकडेही पाहिले.

या अभ्यासाचे महत्त्व दोन कारणांसाठी आहे. त्या काळी मूल बिघडले की दोष आईचा, असे डॉक्टरदेखील म्हणत. थॉमस-चेस यांनी दाखवले की मूल आपला स्वभाव बरोबर घेऊनच येते. दुसरे असे की, अवघड मूल वाया जातेच असे मुळीच नाही. मुलाचा स्वभाव आणि घरादाराची त्याच्याकडून असलेली अपेक्षा यांचा मेळ बसला की ते नीट वाढते, न बसला की बिघडते. मागावर नुसते सूत चांगले असून भागत नाही. जाड सूत आणि बारीक सूत यांना ताण वेगवेगळा द्यावा लागतो. बारीक सुताला जाड सुताचा ताण दिला आणि धागे तुटू लागले, तर तो काही सुताचा गुन्हा नव्हे.

दुसऱ्याच्या जागेवरून पाहणे

आता दुसरी गोष्ट. दुसऱ्याला काय दिसते, काय ठाऊक आहे, काय वाटते, हे ओळखण्याची शक्ती कोणीही आईच्या पोटातून पूर्ण घेऊन येत नाही. ती वाढते, आणि वाढायला वर्षे लागतात.

स्विस शास्त्रज्ञ झां पियाजे याने आपली सहकारी बार्बेल इन्हेल्डर हिच्याबरोबर १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक प्रयोग आहे. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवायची, मुलाला एका बाजूला बसवायचे, दुसऱ्या बाजूला एक बाहुली ठेवायची आणि विचारायचे, बाहुलीला डोंगर कसे दिसत असतील? लहान मुले स्वतःला जे दिसते तेच चित्र उचलून देत. साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास यात फरक पडू लागे. पियाजेने याला आत्मकेंद्रितता म्हटले. ध्यानात ठेवा, त्याने स्वार्थ म्हटले नाही. स्वार्थी माणसाला दुसऱ्याचे दिसते आणि तो ते डावलतो. लहान मुलाला ते दिसतच नाही.

पियाजेवर पुढे टीका झाली आणि ती आपल्या फार उपयोगाची आहे. ब्रिटनमधल्या मार्टिन ह्यूज याने डोंगराऐवजी चोर-पोलिसांचा खेळ मांडला. उभ्याआडव्या भिंती, पोलिसाच्या बाहुल्या आणि लपणारा एक मुलगा. पोलिसाला दिसणार नाही अशा जागी त्याला लपवायचे. साडेतीन ते पाच वर्षांच्या मुलांनी शंभरात नव्वद वेळा बरोबर उत्तर दिले. मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८ साली आपल्या पुस्तकात हा प्रयोग सांगून विचारले, असे का? कारण लपाछपी मुलाला कळते. पकडले जाण्याची भीती आणि लपण्याची धडपड त्याच्या अनुभवातली असते. तीन डोंगरांशी त्याचे काही देणेघेणे नसते.

तिसरा प्रयोग १९८३ सालचा, विमर आणि पेर्नर या दोघांचा. गोष्टीतला मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून खेळायला जातो. मागाहून आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. मुलगा परत आल्यावर चॉकलेट कोठे शोधील? तीन वर्षांचे मूल म्हणते, दुसऱ्या कपाटात; कारण चॉकलेट तेथे आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असते. मला ठाऊक आहे ते त्याला ठाऊक नसेल, ही कल्पना बहुतेक मुलांना चार-पाच वर्षांच्या आसपास येऊ लागते.

येथे कोणीही विचारील की, तुमची मुलगी तर सात वर्षांची होती. तिला हे यायला नको होते काय? येत होतेच. शांत असताना ती आजोबांची उशी न सांगता नीट करी. मुद्दा असा की, एखादी गोष्ट येणे आणि ती रागाच्या भरात वापरता येणे यांत फार अंतर आहे. आवेग आवरणे, क्षणभर थांबून दुसरी बाजू पाहणे ही कामे मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे असतात, आणि तो भाग पुरता परिपक्व व्हायला माणसाला विशी ओलांडून पंचविशीच्या आसपास यावे लागते. ज्या मुलाच्या भावनेचा जोर मुळातच अधिक, त्याची ती अर्धीकच्ची शक्ती प्रथम वाहून जाते. म्हणजे तीव्र मनाच्या मुलाला दुसऱ्याचे दुःख कळत नाही असे नव्हे. त्याच्या स्वतःच्या भावनेचा आवाज इतका मोठा असतो की दुसऱ्याचा आवाज त्यात ऐकू येत नाही. चाळीस माग चालू असलेल्या खात्यात शेजारचा काय म्हणतो ते तुम्हाला ऐकू येते काय? त्यात तुमच्या कानांचा काय दोष?

माराने काय होते

मग माराने काय बिघडते? रट्टा दिला की मूल गप्प तर बसते! बसते खरे. अमेरिकेतील मार्टिन हॉफमन यांनी आयुष्यभर या प्रश्नाचा विचार केला. १९६७ साली त्यांनी व सॉल्टझस्टाइन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, बळाचा वापर करणाऱ्या आईबापांच्या मुलांपेक्षा, "तुझ्या वागण्याने अमक्याला असे असे झाले" हे समजावून सांगणाऱ्या आईबापांच्या मुलांत सदसद्विवेक अधिक रुजतो. त्याचे कारण हॉफमन देतात ते साधे आहे. मार बसला की मुलाचे सारे लक्ष स्वतःच्या वेदनेकडे आणि मारणाऱ्याकडे जाते. ज्याला दुखावले तो माणूस मनातून पुसला जातो. मूल स्वतःपलीकडे पाहत नाही म्हणून आपण मारतो, आणि मारून त्याला पुन्हा स्वतःच्याच आत ढकलतो. "नुसता गाल आठवला" हे माझ्या मुलीचे वाक्य मी हॉफमन वाचला तेव्हा पुरते समजलो.

२०१६ साली गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर यांनी पन्नास वर्षांतील संशोधन एकत्र करून पाहिले. त्यांत दीड लाखाहून अधिक मुलांची माहिती होती. चापटी मारल्याने मूल अधिक शहाणे होते असे त्यांना आढळले नाही. उलट आक्रमकपणा आणि इतर अडचणी यांच्याशीच तिचा संबंध दिसला. आपल्या देशात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला मारण्यास आणि मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. पण त्याच्याही फार आधी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी, १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बालशिक्षण संघाच्या द्वारे, शिक्षेवाचून मूल शिकते हे दाखवायला सुरुवात केली होती. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि पुढे कोसबाडच्या डोंगरावर आदिवासींच्या मुलांत त्यांनी हेच केले. मुलाचा मान राखणे ही परदेशातून आयात केलेली चैन आहे असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास पाहावा.

मार नको तर मग हट्ट पुरवावा काय?

नाही. येथे दुसरा खड्डा आहे. ओरेगॉनमधील जेरल्ड पॅटरसन यांनी घराघरांत प्रत्यक्ष बसून आईबाप-मुलांची भांडणे नोंदली. त्यांत हे चक्र दिसले: आई नाही म्हणते, मूल ओरडते, आई ओरडते, मूल त्याहून मोठ्याने ओरडते, शेवटी आई हात टेकते आणि हवे ते देते. मूल तत्काळ शांत होते. या व्यवहारात मूल शिकते की ओरडल्याने मिळते, आणि आई शिकते की दिल्याने शांतता होते. दोघांचाही धडा पुढल्या खेपेस अधिक पक्का होतो. मी हे वाचले तेव्हा हसलो. आमच्या धंद्यात प्रत्येक मालकाला हे ठाऊक असते की गेटवरच्या आरडाओरड्याला एकदा नमले की पुढच्या महिन्यात पुन्हा गेट गरम होते. म्हणून शहाणा मालक आणि शहाणी युनियन दोघेही ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलाशी बसतात.

तेव्हा मारही नको आणि शरणागतीही नको. मग काय? आम्ही घरात फार चुकतमाकत जे शिकलो ते क्रमाने सांगतो. यातले पुष्कळसे माझ्या आधी मुलांच्या आईला कळले होते, हे प्रथमच कबूल करतो.

एक. धागा तुटला की माग थांबवावा. तुटलेल्या धाग्यावर माग चालवत राहिले तर कापडात दोष येतो आणि मजुरी कापली जाते. मूल भडकले असता उपदेश करणे म्हणजे तुटलेल्या धाग्यावर माग चालवणे. त्या वेळी शब्द थोडे, आवाज खाली, आणि कोणाला इजा होणार नाही एवढी काळजी. माझे युनियनमधले वस्ताद म्हणत, "तापलेलं लोखंड ठोकायचं, तापलेला माणूस ठोकायचा नाही. त्याला आधी चहा पाज." मुलाला चहा नको, पण जवळ बसणारे कोणी तरी हवे.

दोन. भावना मान्य करावी, मागणी नव्हे. "आज नाच हुकणार म्हणून तुला फार वाईट वाटतंय, होय ना?" असे म्हटल्याने नाच कबूल होत नाही. वाटाघाटीत मी एक नियम पाळतो. आमचे म्हणणे मांडण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत सांगायचे, आणि त्याने मान डोलावल्याशिवाय पुढे जायचे नाही. आपले ऐकले गेले अशी खात्री पटल्याखेरीज कोणी दुसऱ्याचे ऐकत नाही. मालकाशी मी हा नियम वीस वर्षे पाळला. पोटच्या पोरीशी पाळावा हे मला फार उशिरा सुचले.

तीन. दुसरी बाजू थंडपणी आणि नेमकी सांगावी. "तू वाईट आहेस" यातून मूल काही शिकत नाही. "तू ताट ढकललंस, आई पुन्हा चुलीपाशी उभी राहिली, तिचे पाय सुजलेत," यातून शिकते. दोष कृतीचा सांगावा, माणसाचा सांगू नये. आणि लगेच भरपाईची वाट दाखवावी. सांडलेले पुसणे, धाकट्याचे फाटलेले पुस्तक त्याच्याबरोबर बसून चिकटवणे, हे करायला लावावे. जबरदस्तीने वदवून घेतलेली माफी ही कोऱ्या कागदावर घेतलेल्या सहीसारखी असते.

चार. सराव शांततेत करावा. गाडी चालवायला शिकायचे ते घाटात नव्हे, मैदानात. ह्यूजच्या लपाछपीचा धडा हाच आहे की मुलाला ज्यात गोडी आहे त्यातून त्याला दुसऱ्याची नजर सापडते. गोष्ट वाचताना मध्येच थांबून "आता त्या म्हातारीला काय वाटलं असेल?" असे विचारावे. कधी "आज मी थोरली, तू बाबा" असा खेळ करावा. आपली नक्कल ऐकायची मात्र तयारी हवी! आणि आपल्याकडे एक फार जुनी शाळा आहे, ती म्हणजे पंगत. आमच्या घरी सणावाराला थोरलीकडे मीठ आणि पाणी वाढायचे काम आले. वाढणाऱ्याला दुसऱ्याच्या पानाकडे पाहावेच लागते. कोणाचे पान रिकामे आहे, कोण संकोचाने नको म्हणतो आहे, कोणाला पुरे झाले आहे. पहिल्या वर्षी ती दोनदा रुसून बसली. तिसऱ्या वर्षी शेजारच्या आजींनी मीठ वर्ज्य केले आहे हे मला ठाऊक नव्हते, तिला होते.

पाच. मुकाट मुलाकडे पाहावे. आमचा धाकटा फार शहाणा, असे आम्ही कौतुकाने सांगत असू. त्याचे शहाणपण म्हणजे तो काही मागतच नसे. घरातली सारी शक्ती एका आवाजामागे खर्च होत होती आणि दुसऱ्याचा वाटा न बोलता बुडत होता. युनियनमध्येही हेच घडते. मोठ्याने बोलणाऱ्या खात्याचे प्रश्न आधी सुटतात, आणि कांडी मशिनवरच्या बायका मागे राहतात. धाकट्यासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ आम्ही राखून ठेवली. त्या संध्याकाळी थोरलीचा आरडाओरडा झाला तरी ती मोडली नाही.

सहा. आईवर ओझे टाकू नये. ज्या घरात आई दिवसभर झेलते आणि बाप रात्री येऊन निवाडा देतो, त्या घरात कोणतीही पद्धत चालत नाही. मी जगाच्या आठ तासांसाठी लढलो. माझ्या घरातल्या बाईचे तास मी कधी मोजले नव्हते.

दोन शंका

पहिली शंका हमखास येते. "आमच्या वेळी एक रट्टा पुरे होई, आम्ही काय बिघडलो?" मी या शंकेची थट्टा करीत नाही, कारण मीही मार खाऊनच वाढलो. पण आपण जे टिकलो ते माराने टिकलो, की घरात आजी होती, अंगण होते, दहा पोरे खेळायला होती म्हणून टिकलो, याचा हिशेब आपण कधी मांडलेला नाही. गिरणीच्या धुरळ्यातही काही माणसे ऐंशी वर्षे जगली. म्हणून धुरळा औषधी ठरत नाही.

दुसरी शंका अशी की, मूल म्हणजे का समोरचा पक्ष आहे, की त्याच्याशी करार करावा? ही शंका मला अधिक पटते. माझी युनियनची उपमा येथे अपुरी पडते हे खरेच आहे. मालक आणि कामगार यांचे हित वेगळे असते. मुलाचे आणि आपले तसे नसते. शिवाय कामगाराला निदान संघटना असते. मुलाच्या बाजूने बोलायला त्याच्यापाशी रडण्याखेरीज दुसरे काही नसते. म्हणून टेबलाच्या दोन्ही बाजूंची जबाबदारी आपल्यावर पडते: "नाही" म्हणण्याची आणि त्याचे म्हणणे मांडण्याचीही.

आणखी एक सांगितले पाहिजे. सगळेच प्रकार घरच्या समजुतीने सुटत नाहीत. मूल स्वतःला इजा करून घेत असेल, बोलणे किंवा ऐकणे मागे असेल, नजरेला नजर देत नसेल, शाळेत महिनोन्‌महिने टिकत नसेल, किंवा वय वाढूनही झटक्यांचा जोर वाढतच असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यात लाज कसली? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतील व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी होते आणि गरजू मुलांना जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवण्याची सोय आहे. ती दयेची भीक नव्हे, आपला हक्क आहे, आणि हक्क मागितल्याखेरीज मिळत नाही, हे मी तुम्हाला वेगळे सांगायला नको.

शेवटी एवढेच. माझी मुलगी बदलून मवाळ झाली, असा शेवट मला सांगता येणार नाही. ती आजही तीव्र आहे. तिच्या कचेरीत एका सफाई कामगाराची मजुरी तीन महिने थकली, तेव्हा सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने तीच बोलली. अन्याय तिला अंगाला चटका बसावा तसा लागतो, फक्त आता तो दुसऱ्यावर झालेलाही लागतो. जो जोर आम्ही मोडायला निघालो होतो तो सुदैवाने मोडला नाही. तो जोर तिचाच होता. त्याला दिशा मिळायला वेळ लागला, आणि तो वेळ आमच्या अधीरपणाने अधिक लांबला.

आजोबांची शेवटची भेट मात्र राहिली ती राहिलीच. त्या रात्री मी तिला म्हटले, "त्या दिवशी चुकलो मी." ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुमच्यावरही किती होतं त्या आठवड्यात, बाबा." मला जे तिने सातव्या वर्षी, भर गल्लीत, एका थपडेत शिकावे असे वाटत होते, ते ती शिकली होती. माझ्या थपडेमुळे नव्हे. तिला तिचा वेळ मिळाला म्हणून. आपल्या घरांतल्या अशा मुलांना तो वेळ आपण राजीखुशीने द्यावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.